गॅस, नळ, मेन

धरणाच्या कडेच्या वळणावर समोरून खडीचा डंपर आला. रस्ता अरुंद, म्हणून ड्रायव्हरनं एसटी कडेला दाबली आणि इंजिन बंद केलं. इतका वेळ खिडक्यांच्या काचा, मागचा पत्रा, माझ्या पायाशी ठेवलेला पोळ्यांचा डबा, सगळं खडखडत होतं, ते एकदम थांबलं. मागं कुणीतरी शिंकलं. आणि मला आठवलं, अशीच शांतता मी आज सकाळी एकदा ऐकली होती. आमच्या जिन्यात. दार लोटून घेतलं, पिशवी खांद्याला अडकवली आणि जिना उतरले तेव्हा मागून कसलाच आवाज येत नव्हता. यायला हवा होता. माझ्या सासऱ्यांचं, आबांचं, ऑक्सिजनचं मशीन दिवसरात्र घरघरत असतं, जिन्याच्या शेवटच्या पायरीपर्यंत ते पाठ सोडत नाही. आज मात्र मी उतरताना मनात म्हणाले होते, किती बरं वाटतंय, सकाळ कशी शांत आहे. हे मी म्हणाले होते. शब्दासकट आठवत होतं. का शांत आहे, एवढं विचारायची बुद्धी काही झाली नाही.

आमच्या घरातून बाहेर पडताना 'येते' म्हणायची पद्धत नाही. आमच्याकडे 'गॅस, नळ, मेन' म्हणतात. जो शेवटी बाहेर पडेल त्यानं हे मोठ्यानं म्हणायचं आणि म्हणता म्हणता करायचं. शेगडीखालचं बटण बंद, मोरीतला नळ घट्ट, आणि दाराबाहेर, चौकटीच्या वर, भिंतीला मीटरशेजारी जो जुना लोखंडी मेन आहे त्याची मूठ खाली. मेन पाडला की घर मेलं. फ्रिजसुद्धा बंद. परत येईपर्यंत घरात काही चालू राहता कामा नये हा आबांचा कायदा. लग्न होऊन मी या भोरच्या दोन खोल्यांत आले तेव्हा मला हसू आवरायचं नाही. नवरा, गोरख, तोही तोंडातल्या तोंडात पुटपुटत जिना उतरायचा, आणि मी म्हणायचे, काय आरती म्हणताय का? पण वर्षं गेली तशी मीच सगळ्यांत मोठ्यानं म्हणायला लागले. मग म्हणायचीही गरज उरली नाही, हात आपोआप जायचा. एकदा शिवऱ्याला नणंदेकडे गेले होते, निघताना दारापाशी त्यांचा मेन पाडला आणि आतली पाहुणे मंडळी पंख्याविना घामाघूम होऊन माझ्याकडे बघत बसली. नणंद अजून त्यावरून टोमणे मारते. तेव्हा सगळे हसले होते, मीही हसले होते.

हात आपोआप जातो. डंपरवाला इंचाइंचानं पुढं सरकत होता आणि मी माझ्या उजव्या हाताकडे बघत होते. सकाळी याच हातानं काय केलं ते आठवत होते. गॅस बंद केला, हे नक्की, कारण चहाचं पातेलं उतरवताना बोटाला चटका बसला होता. नळ बंद केला, कारण त्याची चकती गेलीय आणि तो एका विशिष्ट ठिकाणी नेऊन दाबावा लागतो, तेही केलं. आणि मेन? हात वर करून मूठ धरल्याचं आठवत होतं. लोखंडाचा गारवा आठवत होता, खाली येताना होणारा तो खट्ट आवाजसुद्धा. पण तो आजचा की मागच्या वर्षीचा? असल्या आठवणीला तारीख नसते. शेकडो वेळा केलेली गोष्ट एकदाच केल्यासारखी आठवते. मी डोळे मिटून पुन्हा पहिल्यापासून घरातून निघाले, चहा, नळ, चप्पल, दार, आणि प्रत्येक वेळी दारापाशी आले की हात वर जायचा. थांबायचाच नाही.

मशीन घरात आलं तेव्हापासून मेन पडलेला नव्हता. भाताच्या गिरणीत कोंड्यात काढलेल्या आयुष्यानं आबांची फुप्फुसं कामातून गेली, दवाखान्यातून घरी आणताना डॉक्टरांनी सांगितलं की नाकातली नळी आता निघायची नाही. तेव्हापासून घरात कायम कुणीतरी असतं, मी नाहीतर गोरख. गोरख टेम्पो घेऊन गेला की मी, तो आला की मी बाजाराला. आज पहिल्यांदाच मधे थोडा वेळ मोकळा राहिला होता. हिर्डोशीला माझ्या भाचीचं डोहाळजेवण, गाडी सकाळची एकच सोयीची, आणि गोरख शिवऱ्याला माल उतरवून मग येणार. तेवढ्या वेळापुरतं खालच्या पीठगिरणीच्या बनाबाईंना सांगून ठेवलं होतं की एकदा वर डोकावा. आबा म्हणाले, जा, काय होतंय. म्हणजे आज कितीतरी दिवसांनी मी शेवटची बाहेर पडणारी होते. चालतं माणूस म्हणून शेवटची. आणि दाराशी उभ्या राहिलेल्या माझ्या हाताला वाटलं असेल की घरात आता कुणी नाही.

मी मोबाईल काढला. रेंज नाही. निगुडघर मागं पडलं की या रस्त्याला रेंज नसते हे मला काय माहीत नव्हतं? तरी तो खिडकीबाहेर धरला, डोक्यावर धरला. शेजारची म्हातारी माझ्याकडे बघून सरकून बसली. रेंज असती तरी लावणार कुणाला? आबा स्वतःचा मोबाईल बंद ठेवतात. कुणाला फोन करायचा असेल तेव्हा चालू, काम झालं की बंद. म्हणतात, बसल्या जागी चार्जिंग खातंय. अहो, पण कुणाला तुम्हाला फोन करायचा असेल तर? त्याला काम असंल तर यील की घरी. हे उत्तर. आणि मशीनची तीच तऱ्हा. लाईट गेली की ते टूं टूं करून बोंबलायचं, त्यासाठी आत एक सेल होता. आबांनी दुसऱ्याच दिवशी तो सेल गोरखला काढायला लावला आणि डब्यात जपून ठेवला. लाईट गेलेली मला दिसती की, त्यासाठी सेल कशाला जाळायचा. आम्ही दोघंही तेव्हा हो म्हणालो. त्या आवाजाचा आम्हालाही त्रासच व्हायचा.

आबा कंजूष नाहीत, हे मला रागातसुद्धा कबूल करावं लागतं. कुणी मागितलं तर अंगावरचं काढून देतील. पण वाया गेलेलं त्यांना बघवत नाही. हिर्डोशीच्या खाली त्यांचं भाताचं खाचर होतं, ते धरणात गेलं. पुढं कुणीतरी त्यांना सांगितलं की धरणाच्या पायथ्याला याच पाण्यावर वीज होते, आणि तेव्हापासून नळ आणि बटण त्यांच्या लेखी एकच झालं. दिवसा दिवा दिसला की म्हणायचे, "आपल्या रानावर उभं ऱ्हायलेलं पानी हाय ते. जळतंय त्ये आपलंच." त्यामुळे आमच्याकडे आंघोळ घमेल्यात बसून, आणि ते पाणी संडासाला. तांदळाचं धुवण कढीपत्त्याला. भात अर्धा शिजला की गॅस बंद आणि पातेलं गोधडीत गुंडाळून ठेवायचं, वाफेवर होतो. फ्रिजपाशी जाऊन उभं राहिलं की पलंगावरून आवाज येणार, आधी ठरीव, मग उघड. मी कधीकधी मुद्दाम दार उघडून उभी राहायचे, काही नको असताना. म्हातारा चिडलेला बघायला बरं वाटायचं. मग रात्री वाईट वाटायचं, आणि सकाळी पुन्हा त्यांच्याच पद्धतीनं सगळं करायचे.

डंपर गेला. ड्रायव्हरनं इंजिन चालू केलं आणि सगळी गाडी पुन्हा खडखडायला लागली, तशी मी उठले. कंडक्टरला म्हटलं, गाडी थांबवा, उतरायचंय. तो म्हणाला, ताई, हितं थांबा न्हाई, हितं काय करणार, पुढं गावात उतरा. मी काय बोलले ते नीट आठवत नाही, पण चांगलं बोलले नसणार, कारण त्यानं मुकाट्यानं दोरी ओढली. गाडी धुरळा उडवत गेली आणि मग ध्यानात आलं की पोळ्यांचा डबा आतच राहिला. गेला तर गेला. मी भोरच्या बाजूला चालायला लागले. चालायला म्हणजे अर्धं पळत, अर्धं चालत, साडीचा घोळ हातात धरून. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला ते पाणी, हिरवं आणि स्थिर, कडेला उघडी पडलेली लाल माती. त्याच्या तळाशी कुठंतरी आमचं खाचर. सासरकडचे सगळे येता-जाता खिडकीतून बोट दाखवतात, तिथं. मला ती जागा कधीच नीट कळलेली नाही, मी नुसती मान डोलावते.

लाईट गेल्यावर आबा काय करतात ते मला पाठ आहे, आणि त्याचीच भीती वाटत होती. भोरात लाईट काय, कधीही जाते. गेली की आबा उठून बसतात, उशी मांडीवर घेऊन तिच्यावर वाकतात, दवाखान्यातल्या बाईंनी शिकवल्याप्रमाणे ओठांचा चंबू करून हळूहळू श्वास सोडतात, आणि वाट बघतात. पलंगाशेजारी भरलेला सिलिंडर उभा असतो, नेमका याचसाठी. पण त्याला हात लावायचा नाही. तो अडीनडीचा. यील आता लाईट, कशाला उगा त्यो उघडायचा. दर वेळी मी चिडून पान्यानं तो उघडते, नळी मशीनची काढून सिलिंडरला जोडते आणि वर दोन शब्द सुनावते, तेव्हा कुठं ते घेतात. आज सुनावणारं कुणी नव्हतं. आज त्यांना वाटणार की सगळ्या भोरची लाईट गेलीय. येईल. थांबू थोडं. आणि लाईट येणार नव्हती, कारण ती गेलेलीच नव्हती. गावभर पंखे फिरत असणार, फक्त आमच्या दोन खोल्या मेलेल्या, आणि त्यात तो माणूस उशीवर वाकून सिलिंडर वाचवत बसलेला. त्यांनी शिकवलेलं मी केलं होतं आणि त्यांनी शिकवलेलं ते करत असतील, दोघांनी मिळून.

आणि मग ते मनात आलं, जे येऊ नये म्हणून मी इतकं भरभर चालत होते. हातानं खरंच चुकून केलं का? मशीनची घरघर माझ्या डोक्यात बसली होती. झोपेत ती ऐकू यायची, बाजारात ऐकू यायची. किती वेळा मनात म्हटलं होतं की एकदा हे बंद व्हावं. मशीन, असंच म्हणायचे मी स्वतःशी. मशीन बंद व्हावं. त्याच्या पुढचं म्हणायचे नाही. परवा माझी आई फोनवर म्हणाली, रत्ना, तू पार वाळून गेलीस गं, आणि मला रडू आलं होतं, आणि रडता रडता मी पलंगाकडे बघितलं होतं. आबा जागे होते. मग आज नवी साडी नेसून, आरशात बघून, दाराशी आल्यावर हात वर गेला तो सवयीनं गेला की आणखी कशानं? माझ्या मलाच सांगता येईना. आपला हात, आपल्या खांद्याला लागलेला, आणि त्याच्या मनात काय होतं हे मला विचारावं लागत होतं. कुणाला विचारणार? रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मला घशातून आवाज काढून रडावंसं वाटत होतं पण दम पुरत नव्हता, आणि दम पुरत नाही म्हणजे काय होतं हे तेव्हा थोडं कळलं.

मागून दुधाची पिकअप आली. गावाकडचा कुंडलिक, माझ्या माहेरच्या भावकीतला. त्यानं ओळखलं, म्हणाला, आक्का, उलट्या दिशेनं कुठं? मी आत बसले आणि म्हटलं, भोर, लवकर, आबांचं बरं नाही. फोन आला व्हता का, त्यानं विचारलं. काय सांगणार, की माझ्या हाताचा भरवसा नाही म्हणून? त्यानं गाडी चांगलीच हाणली, मागं कॅन एकमेकांवर आदळत होते. रेंज आली तसा गोरखला लावला. तो शिवऱ्यातच अडकलेला, माल उतरवणारी माणसं आली नव्हती. काय झालं, तो विचारत होता, आणि मला 'मेन' हा शब्द तोंडातून काढता येईना. नुसतं म्हटलं, असाल तसे घरी निघा. मग बनाबाईंना लावला. बराच वेळ वाजल्यावर त्यांनी उचलला, आणि त्यांच्या आवाजाच्या आधी मला गिरणीचा आवाज ऐकू आला. पट्टा फिरत होता, जोरात. म्हणजे गावात लाईट होती. मी ओरडले, बनाबाई, वर जा, आमचा मेन बघा, वर जा. त्या म्हणाल्या, काही ऐकू येत न्हाई बाई, गर्दी हाय, मागनं कर, आणि ठेवून दिला. पुन्हा लावला तर उचलला नाही. कुंडलिकनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि गाडी आणखी हाणली.

गिरणीपाशी उतरले तेव्हा दारात डबे घेऊन बायका उभ्या होत्या, आत बनाबाई पिठानं पांढऱ्या झालेल्या. मी त्यांच्यातून वाट काढत जिन्याला लागले. गिरणीच्या घरघरीत वरचं काही ऐकू येणं शक्यच नव्हतं. आबांनी हाक मारली असती तरी ती कुणाला ऐकू गेली नसती. शेवटच्या पायऱ्यांवर मी मुद्दाम खाली मान घातली होती, बघायचं लांबवत होते. मग बघितलं. मूठ खाली होती.

हात वर करून मी मेन चढवला. आत मशीन सुरू झालं, घरघर, घरघर, आणि फ्रिज दचकल्यासारखा हलला. दार लोटलं. आबा पलंगावर उशीवर वाकून बसले होते, पाठ माझ्याकडे, सदरा घामानं चिकटलेला, आणि खांदे हलत होते. हलत होते. सिलिंडरच्या तोंडाला त्यांचा पंचा गुंडाळलेला, पाना जमिनीवर पडलेला, बोटांची सालटी निघालेली. नळी त्यांनी स्वतः काढून सिलिंडरला जोडली होती, आणि आत बारीकसा फुसफुस आवाज येत होता. काट्याकडे बघितलं, डॉक्टरांनी सांगितलं त्याच्या निम्म्यावरसुद्धा नव्हता. त्यातही हात राखूनच सोडला होता म्हाताऱ्यानं. मी आधी काटा वाढवला, मग सिलिंडर बंद करून नळी पुन्हा मशीनला लावली, पाठीवरून हात फिरवला. ओठांचा रंग हळूहळू माणसासारखा व्हायला लागला. अंधारलेल्या खोलीत मला त्यांचं तोंड नीट दिसेना, म्हणून मी दिवा लावला. मग त्यांच्या पायाशी जमिनीवर बसले आणि नव्या साडीचा पदर तोंडात कोंबून रडले. ते बघत होते. बोलायला दम नव्हता, दम आल्यावर पहिलं वाक्य ते हे बोलले.

"मेन म्या पाडला, रत्ना. तू न्हाईस."

मी वर बघितलं. मेन चौकटीच्या वर आहे. मी उंच म्हणून माझा हात पोचतो, गोरखलासुद्धा टाचा उचलाव्या लागतात. आबांना केस विंचरायला हात वर नेला तरी धाप लागते, आणि नळी दारापर्यंतच काय, मोरीपर्यंत पुरत नाही. स्टूल मोरीपाशी होतं, त्यावर मी सकाळी भरून ठेवलेली बादली तशीच काठोकाठ. त्यांना कळलं होतं. आधी त्यांना वाटलं असेल की लाईट गेली, येईल, आणि बसले असतील वाट बघत. मग खाली बनाबाईंची गिरणी सुरू झाली असेल. गिरणी चालतेय म्हणजे लाईट आहे, लाईट आहे म्हणजे मेन पडलाय, आणि घरातून शेवटी कोण बाहेर पडलं ते त्यांना माहीत होतं. तेव्हा त्यांनी पाना घेतला. आणि त्यानंतरचा सगळा वेळ, ओठांचा चंबू करून, तेवढ्या श्वासात ते हे एक वाक्य तयार करत बसले होते.

मला वाटलं की सगळं बोलून टाकावं, हात, जिन्यातली शांतता, मशीन बंद व्हावं असं म्हणायचे ते. परवा ते जागे होते तेही. पण त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की बाई, आता पुढं जाऊ नकोस. तरी मी म्हटलंच.

"आबा, तुमचा हात न्हाई पोचत तितं."

"पोचला आज."

एवढं बोलून ते उशीला टेकले. खाली गिरणी थांबली आणि फक्त मशीन ऐकू येत राहिलं, मी ते कान देऊन ऐकत होते. थोड्या वेळानं जिन्यात गोरखची पावलं वाजतील, तो विचारेल काय झालं, आणि आबा त्यालाही हेच सांगतील हे मला कळून चुकलं होतं. भर दिवसा दिवा जळत होता. आबांनी डोळे उघडून त्याच्याकडे बघितलं. मी उठायला लागले, सवयीनं, बटणाकडे. त्यांनी माझा हात धरला, तोच उजवा, आणि म्हणाले, राहू दे.

मी परत बसले. दिवा संध्याकाळपर्यंत चालू होता.